शब्द येतात, वाक्य जुळत नाही: रोजच्या इंग्रजीतले साचे

तुमचा प्रश्न असा आहे: ग्रामर बऱ्यापैकी येतं, शब्दही पाठ आहेत, तरी बोलायची वेळ आली की वाक्य जुळत नाही, मग रोजच्या इंग्रजीत सारखे येणारे साचे कोणते?

मी मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी बोलायला शिकवतो. त्यांच्याकडे बघून सांगतो, साचे फार नाहीत आणि बहुतेक सगळे क्रियापदाभोवती असतात. क्रियापदाच्या आधी काय येतं आणि नंतर काय येतं, एवढं सापडलं की रोजचं बोलणं बरंचसं निभावतं. नामं तर आपण मराठी बोलतानाही अर्धी इंग्रजीच वापरतो.

आधी क्रियापदाच्या अलीकडची बाजू बघू. मराठीत आपण सगळी कसरत क्रियापदाच्या शेपटीत करतो. जायचो, जायला लागलं, जायला नको होतं, गेला असणार. इंग्रजीत हीच कामं क्रियापदाच्या आधी सुटे छोटे शब्द उभे करून होतात. लहानपणी आम्ही नदीवर 'जायचो', तर 'वी यूज्ड टू गो'. काल मला 'जावं लागलं', तर 'आय हॅड टू गो'. 'जायला नको होतं' म्हणजे 'आय शुडन्ट हॅव गॉन'. 'गेला असणार' म्हणजे 'ही मस्ट हॅव गॉन', आणि खात्री कमी असेल, नुसतंच 'गेला असेल', तर 'ही माइट हॅव गॉन'. 'निघणारच होतो' याला 'आय वॉज अबाउट टू लीव्ह'. 'जाऊ दे त्याला' याला 'लेट हिम गो'. हे तुकडे अखंड तोंडात बसवायचे. 'शुडन्ट हॅव' म्हणजे कोणता काळ, कोणतं सहायक क्रियापद, असा विचार बोलताना सुरू केलात की समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असतो.

इंग्रजीत असे छोटे शब्द एकूणच किती येतात याची मोजदादही झालेली आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात 1960च्या दशकात 1961 साली छापलेल्या अमेरिकी मजकुरातून सुमारे 10 लाख शब्द गोळा करून मोजले. एकटा 'द' त्यात जवळपास 7 टक्के निघाला, म्हणजे दर चौदा-पंधरा शब्दांमागे एक. त्याच्यामागे 'ऑफ', 'अँड', 'टू' अशीच मंडळी. स्पर्धा परीक्षेवाले रोज दहा अवघड शब्द पाठ करतात ते करू देत, तुमचं घोडं मात्र या चिल्लर शब्दांपाशी अडलंय.

आता वाक्याची सुरुवात. मराठी माणूस 'मला'ने वाक्य सुरू करतो आणि तिथेच गोंधळतो. मला भूक लागलीय, मला ताप आहे, मला पोहता येतं, मला चहा आवडतो, मला आठवत नाही. आपल्याकडे भूक लागते, ताप येतो, चहा आवडतो. माणूस बिचारा बाजूला बसून सगळं सोसतो. इंग्रजीत तोच पुढे येतो: 'आय ॲम हंग्री', 'आय हॅव अ फीवर', 'आय कॅन स्विम', 'आय लाइक टी', 'आय डोन्ट रिमेंबर'. 'मला दोन बहिणी आहेत', 'माझ्याकडे गाडी आहे' आणि 'खोलीला दोन खिडक्या आहेत' ही तिन्ही मराठीत वेगळ्या वळणाची वाक्यं, पण इंग्रजीत तिन्हींना 'हॅव' चालतं. 'आय ॲम हॅविंग टू सिस्टर्स' आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, तिथे साधं 'आय हॅव' म्हणा. टेबलावर पुस्तक आहे, बाहेर कोणीतरी आलंय, अशी नवी खबर द्यायची असेल तर 'देअर इज'ने सुरुवात करा.

आणि ज्या वाक्यात कोणी करणाराच नाही, तिथेही इंग्रजीला सुरुवातीची जागा रिकामी ठेवलेली चालत नाही. म्हणून 'इट'. पाऊस पडतोय, 'इट इज रेनिंग'. उशीर झाला, 'इट इज लेट'. पुण्याला पोचायला तीन तास लागतात, 'इट टेक्स थ्री अवर्स टू गेट टू पुणे'. हा 'इट टेक्स' वाला साचा एकदा हाताशी आला की दिवसातून दहादा वापराल.

खरी मेख मात्र क्रियापदाच्या पलीकडे आहे आणि शाळेत तीच सर्वांत कमी शिकवतात. 'त्याने यावं असं मला वाटतं' हे मनात ठेवून मुलं म्हणतात, 'आय वॉन्ट दॅट ही शुड कम'. इंग्रजीत 'वॉन्ट'नंतर माणूस, मग 'टू', मग क्रियापद: 'आय वॉन्ट हिम टू कम'. याच चालीवर 'आस्क', 'टेल', 'अलाव', 'एक्स्पेक्ट', 'रिमाइंड', 'फोर्स' चालतात. 'रिमाइंड मी टू कॉल हर', 'दे डोन्ट अलाव अस टू पार्क हिअर'. 'मेक' आणि 'लेट'ही तसेच, फक्त 'टू' गाळून: 'शी मेड मी वेट'. 'सजेस्ट' मात्र या पंगतीत बसत नाही. 'ही सजेस्टेड मी टू गो' चुकीचं, 'ही सजेस्टेड दॅट आय गो' बरोबर. का, याला समाधानकारक उत्तर नाही, आणि शोधत बसण्यात अर्थही नाही.

दुसरं दुखणं आपल्या 'ला'चं. मला दे, मला दाखव, मला सांग, मला समजावून सांग: मराठीत चारही सारखी. इंग्रजीत 'गिव्ह मी', 'शो मी', 'टेल मी' ठीक, पण 'एक्स्प्लेन मी' नाही, 'एक्स्प्लेन इट टू मी'. 'से मी' नाही, 'से इट टू मी'. उलट 'डिस्कस'ला पुढे 'अबाउट'सारखा कोणताच जोडशब्द नको. आपण 'विषयावर' चर्चा करतो म्हणून 'डिस्कस अबाउट' म्हणतो, तिथे नुसतं 'डिस्कस द प्लॅन' पुरतं.

प्रश्नात प्रश्न आला की आणखी एक गंमत होते. 'तो कुठे राहतो?' आणि 'तो कुठे राहतो मला माहीत नाही' यात मराठीत पहिला भाग जसाच्या तसा राहतो. इंग्रजीत सुट्ट्या प्रश्नाला 'व्हेअर डझ ही लिव्ह?', पण मोठ्या वाक्यात शिरताच 'डझ' गळतो: 'आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्ह्ज'. रस्त्यात पत्ता विचारतानाही हेच: 'कॅन यू टेल मी व्हेअर द स्टेशन इज?' 'इज' शेवटी. हे कानाला सवयीचं व्हायला वेळ लागतो, तेव्हा यावर जरा जास्त मेहनत घ्या.

नामाबरोबर ठरलेलं क्रियापद येतं ते वेगळंच. आपण परीक्षा 'देतो', ते 'टेक' करतात. आपल्याला स्वप्न 'पडतं', ते 'हॅव अ ड्रीम'. चूक 'मेक', होमवर्क 'डू'. 'आय गेव्ह द एक्झाम' भारतात सगळ्यांना समजतं, मीही ते खोडत बसत नाही. पण परदेशी माणसाशी कामाचं बोलणं असेल तर 'टूक' म्हणा, नाहीतर त्याला तुम्ही परीक्षक वाटाल.

हे सगळं कुठे बघायचं? इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी काढलेली डिक्शनरी घ्या, इंग्रजी-मराठी शब्दकोश या कामाला पुरत नाही. ए. एस. हॉर्नबी नावाचे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवत होते. तिथल्या विद्यार्थ्यांचीही हीच अडचण बघून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर क्रियापदांचे 25 साचे ठरवले आणि प्रत्येक क्रियापदापुढे त्याचा साचा लिहिलेला कोश टोकियोत 1942 साली काढला. 1948 पासून ऑक्सफर्डने तो छापला आणि आज ऑक्सफर्डची 'ॲडव्हान्स्ड लर्नर्स' म्हणून दुकानात मिळते ती त्याचीच पुढची आवृत्ती. ऑनलाइन फुकट बघता येते. तिच्यात क्रियापदाच्या अर्थाजवळ 'समबडी' आणि 'समथिंग' किंवा त्यांचीच छोटी रूपं 'एसबी' आणि 'एसटीएच' दिसतील. 'एसबी' म्हणजे कोणीतरी माणूस, 'एसटीएच' म्हणजे एखादी गोष्ट. 'रिमाइंड एसबी टू डू एसटीएच' म्हणजे सगळा साचाच तुमच्या हातात दिलेला असतो. लोक नेमका तेवढा मजकूर वगळून अर्थ वाचतात.

वहीत क्रियापद एकटं लिहू नका, हे असं शेपटासकट लिहा आणि खाली तुमच्या स्वतःच्या घरातलं, ऑफिसातलं एक खरं वाक्य लिहा. बाजारात 'रोजची पाचशे इंग्रजी वाक्यं' छापाचे पीडीएफ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. त्यात 'टेल'चं वाक्य एका पानावर आणि 'आस्क'चं चाळीस पानांनंतर येतं, मग दोघांचा साचा एकच आहे हे दिसणार कधी? सुरुवात 'वॉन्ट', 'टेल', 'आस्क', 'लेट', 'मेक', 'हेल्प' यांच्यापासून करा. 'हेल्प'ला 'टू' लावा किंवा नका लावू, दोन्ही चालतं.