फुटकळ तक्रारी, ताईची उत्तरं : नंबर सांगा, सुट्टे नाहीत आणि शेजारची विकेट

प्रश्न : ताई, आम्ही मॅच ॲपवर बघतो, टीव्हीला लावून. शेजारी डिश आहे. इथे बुमरा अजून रनअपला वळतोय आणि भिंतीपलीकडून "गेलाऽऽ" ऐकू येतं, सगळी मजाच जाते. नेट फास्ट आहे आमचं, मग आम्ही मागे का? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : आधीच सांगते, नेटचा स्पीड वाढवून हे जाणार नाही, उगाच महागडा प्लॅन घेऊन बसाल. ॲपवाले मॅचचे काही-काही सेकंदांचे तुकडे पाडतात, मग एकेक तुकडा मोबाईलसाठी वेगळा, मोठ्या टीव्हीसाठी वेगळा असा तयार होतो, ठिकठिकाणच्या सर्व्हरवर जातो, आणि तुमच्या घरी आला तरी ॲप तो लगेच दाखवत नाही, दोन-तीन तुकडे गाठीशी ठेवतं, का तर मध्ये नेट गचकलं तरी चित्र अडकू नये. ह्यात वीस-तीस सेकंद सहज जातात. डिशचं सिग्नल बिचारं जवळपास ३६,००० किलोमीटर वर उपग्रहापर्यंत जाऊन खाली येतं, तरी त्याला पाव सेकंदच लागतो. उशीर त्यांनाही होतो बरं का, चित्र दाबून पाठवण्यात, पण थोडक्यात भागतं. म्हणजे शेजारचे पण अगदी लाइव्ह बघत नाहीयेत, हे त्यांना जरूर सांगा, तेवढंच समाधान.

करायचं काय? मध्ये पॉज केलं असेल तर "लाइव्ह"चं बटण दाबा, नाहीतर तो उशीर वर आणखी चढतो. स्कोअरच्या ॲपचे नोटिफिकेशन बंद करा, ती नुसती अक्षरं असतात म्हणून व्हिडिओच्या आधी पोचतात. फॅमिली ग्रुप म्यूट. शेजाऱ्यांना मात्र विकेट पडल्यावर ओरडू नका असं कुठल्या तोंडाने सांगणार, त्यापेक्षा चिवड्याचा डबा घ्या आणि त्यांच्याकडेच जाऊन बसा.

प्रश्न : आयपीएलमध्ये टाइमआउट म्हणून मध्येच खेळ थांबवतात, ती निव्वळ जाहिरातींची सोय ना? (पुणे)

उत्तर : बऱ्यापैकी हो. २००९ पासून आहे हे. आता प्रत्येक डावात दोन, अडीच-अडीच मिनिटांचे. टीमवाले प्लॅनिंग करतात म्हणे. आपण कुकर लावून यायचं.

प्रश्न : ताई, साधी रुमालाची जोडी घेतली तरी काउंटरवरची मुलगी मोबाईल नंबर मागते, नाही म्हटलं तर बिलच पुढे जात नाही म्हणते, मागे लाइन, लोक माझ्याकडेच बघतात. नंतर रोज सेलचे मेसेज. देणं कंपल्सरी आहे का? (ठाणे)

उत्तर : नाही हो. केंद्राच्या ग्राहक खात्याने मे २०२३ मध्येच दुकानदारांना कळवलंय की नंबरसाठी अडून बसू नका. शांतपणे म्हणा, "नंबर नाही देणार, बिल करा." त्या मुलीवर चिडू नका, तिला वरून सांगितलेलं असतं, आवाज चढवायचाच तर मॅनेजरपुढे चढवा. तरी ऐकलं नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि बिल न घेता निघू नका, खालच्या वहिनींचं वाचा म्हणजे कळेल का ते.

प्रश्न : भाचीसाठी कुर्ता घेतला, घरी येऊन बघते तर शिवण उसवलेली. दुकानात बोर्ड आहे, "विकलेला माल परत घेतला जाणार नाही". आता गप्प बसू का? (नाशिक)

उत्तर : अजिबात नाही वहिनी. माल सदोष असेल तर त्या बोर्डाला काही अर्थ नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेलीच नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा धरलीय. बिल घेऊन जा. पण हां, रंग भाचीला आवडला नाही म्हणून बदलून द्या म्हणाल तर ती दुकानदाराची मर्जी, तिथे कायदा नका काढू, गोड बोला.

प्रश्न : सुट्ट्यांऐवजी चॉकलेट देतात त्याचं काय? (कोल्हापूर)

उत्तर : घेऊ नका, एवढंच. चॉकलेट काही चलन नाही. यूपीआय आल्यापासून हा त्रास कमी झालाय, तरी रोखीने घेणाऱ्यांनी थोडी चिल्लर जवळ ठेवावी. दहाचं नाणं चालत नाही म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका, सगळ्या डिझाइनची चालतात.

प्रश्न : स्टेडियममध्ये पाण्याची बाटली आत नेऊ देत नाहीत, आणि आत तेच पाणी कागदी ग्लासात ओतून एवढं महाग. एमआरपी लागू नाही का? (डोंबिवली)

उत्तर : ह्यातच तर खरी गंमत आहे. सीलबंद बाटली नुसती हातात दिली तर छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. हॉटेलात बसवून सर्व्ह केलं तर गोष्ट वेगळी, तसं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये म्हटलंय. पण झाकण उघडून ग्लासात ओतलं की छापील किंमत दाखवायला तुमच्या हातात बाटलीच उरत नाही! वर कारण तयार असतं, बाटल्या मैदानात फेकतात म्हणून. फेकतात हेही खरंच आहे म्हणा. मोफत पाण्याचे नळ कुठे आहेत ते आत शिरल्या शिरल्या व्हॉलंटिअरला विचारा, डावाच्या मध्ये गेलात तर लाइनीत दोन ओव्हर जातील. आणि वानखेडेला जाणार असाल तर चर्चगेटला उतरल्यावर, गेटच्या लाइनीत शिरायच्या आधीच पोटभर पिऊन घ्या.