तुरीत काळवीट मरून पडलंय, गुपचूप पुरू का?

प्रश्न : दादा नमस्कार. माळाला लागून आमची साडेतीन एकर तूर आहे. परवा रात्री दीड-दोनला माळावर एका गाडीचा फोकस फिरत होता आणि दोनदा फटाका फुटल्यासारखा आवाज आला, मी आखाड्यावरच (शेतातल्या खोपीत) झोपलेलो पण एकटा होतो म्हणून बाहेर निघालो नाही. आज सकाळी कावळे लईच ओरडायले म्हणून तुरीत शिरलो तर आत काळवीट मरून पडलेलं, मागच्या मांडीला जखम, पोट फुगलंय, एक डोळा कावळ्यांनी काढलाय. भाऊ म्हणतो शेजारच्या वावरात जेसीबी आलेलाच आहे, खड्डा घेऊन टाकून देऊ, नाहीतर केस आपल्यावरच होईल. चुलते म्हणतात शिंगं तेवढी काढून ठेव. काय करू? – एक शेतकरी, जि. परभणी

उत्तर : तुमचा मेसेज आला तेव्हाच तुम्हाला फोन करून सांगितलं होतं की हात लावू नका आणि १९२६ ला, म्हणजे वनखात्याच्या हेल्पलाइनला, फोन लावा. अंक छापून येईपर्यंत ते काळवीट थोडंच थांबणार होतं. पण असं विचारणारे तुम्ही एकटे नाहीत, आणि प्रत्येकाच्या घरात एक जेसीबीवाला भाऊ नि एक शिंगवाला चुलता असतोच, म्हणून इथं जरा सविस्तर लिहितो.

आधी आमच्याच घरची फजिती सांगतो. मी कॉलेजला होतो तेव्हा कुत्र्यांनी पाठलाग केलेलं एक हरण आमच्या बांधावर येऊन मेलं. वडील घाबरले, त्यांनी आणि सालगड्यानी रात्रीतून दीड-दोन फुटाचा खड्डा घेतला आणि वरून माती लोटली, झालं म्हणले. तिसऱ्या दिवशी त्याच कुत्र्यांनी ते उकरलं आणि एक अख्खा पाय आणून टाकला कुठं, तर मारुतीच्या पाराम्होरं, सकाळी सगळं गाव चहाला जमतं तिथं! मग फॉरेस्टवाले आले, आणि पहिला प्रश्न हरण कसं मेलं हा नव्हता, लपवलं कशाला हा होता. वडिलांना तीन महिने खेटे घालावे लागले, कारण कुत्र्यांनी मारलं हे सिद्ध करायला जे काही होतं ते आम्हीच माती टाकून घालवलेलं.

म्हणजे तुमच्या भावाला ज्या केसची भीती वाटते ती जेसीबीनंच अंगावर येते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा (आपल्याकडं बहात्तर म्हणलं की दुष्काळच आठवतो, पण हा कायदाही त्याच सालचा). त्यात काळवीट अनुसूची १ मधे आहे, म्हणजे वाघाच्याच यादीत. शिकार सिद्ध झाली तर कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि वर दंड. पण त्याच कायद्याच्या कलम ३९ मधे असंही आहे की मेलेलं सापडलेलं वन्यप्राणी सरकारची मालमत्ता आहे आणि ते ज्याच्या ताब्यात आलं त्यानं ४८ तासाच्या आत पोलीस स्टेशनला नाहीतर वनखात्याला कळवायचं. कळवलं की तुम्ही खबर देणारे, पुरलं की लपवणारे, आणि त्याच वावरात फोकसवाल्यांची गोळी लागलेलं जनावर निघालं तर पुढं काय काय ऐकावं लागेल विचार करा.

आता ते तुमच्याच तुरीत का आलं. मांडीला नाहीतर पोटाला लागलेलं जनावर जागेवर पडत नाही, ते जीव घेऊन लांब पळतं आणि दाट आडोसा दिसला की शिरून बसतं, आणि ह्या दिवसात माळाशेजारी तुरीएवढा आडोसा दुसरा नाही. मारणाऱ्यांना अंधारात ते सापडत नाही, आणि आखाड्यावर कोणी जागं झालं की त्यांना पळायची घाई असते. काळवीट तिथंच तडफडून मरतं, कधी कधी दुसऱ्या दिवशी मरतं. आमच्याकडचे म्हातारे बहात्तरच्या आधीच्या शिकारीच्या गोष्टी रंगवून सांगतात ना, त्यात हे हातून निसटलेलं जनावर कधी येत नाही बघा.

तर करायचं एवढंच की ते जसं पडलंय तसं राहू द्यायचं. मोबाईलमधे लांबून आणि जवळून फोटो काढा, तारीख-वेळ आपोआप राहते, पण स्टेटसला आणि गावच्या ग्रुपवर टाकू नका, फोटो बघून बघ्यांची जत्रा भरते आणि पायाखाली सगळं तुडवलं जातं. माळाकडच्या बाजूला गाडीच्या चाकाचे माग, रिकामी काडतुसं, रक्ताचे थेंब असतील तर तिकडून ट्रॅक्टर-बैलगाडी नेऊ नका. कुत्र्यांसाठी भोवती बोराटीच्या नाहीतर बाभळीच्या फांद्या टाका, तेवढं चालतं. १९२६ नाहीतर तुमच्या बीटचे वनरक्षक, आणि गाडीचा फोकस, आवाज असं काही असेल तर ११२ पण. फोनवर गाव, गट नंबर, कधी दिसलं ते नीट सांगा. पोलीस पाटलांना सोबत घ्या, उद्या कोणी विचारलं तर तुमच्याशिवाय अजून एक माणूस बोलणारा पाहिजे. कोणी लवकर आलं नाही तर परत फोन लावा आणि कधी लावला ते लिहून ठेवा, फोन उचलला नाही म्हणून खड्डा घ्यायचा परवाना मिळत नाही.

पुढं पंचनामा होतो, सरकारी पशुवैद्यक शवविच्छेदन करतात आणि मग पंचासमोर बहुतेक वेळा जाळतात, शिंगांसकट. तुमच्या केसमधे डॉक्टरांना मांडीत चपटा झालेला शिशाचा छर्रा सापडला असं तुम्हीच नंतर कळवलं. ज्वारीच्या दाण्याएवढी ती वस्तू, पण तुमच्या बाजूनं तीच बोलली. जेसीबीचं ऐकलं असतं तर ती पण मातीत गेली असती.

अजून एक, हात लावू नका हे फक्त कायद्यासाठी म्हणत नाही. जनावर कशानं मेलं हे बाहेरून कळत नाही. नाका-तोंडातून, गुदातून काळपट रक्त येत असेल आणि ते गोठत नसेल तर ॲन्थ्रॅक्स (जनावरांतून माणसाला होणारा रोग) असू शकतो, अशा वेळी डॉक्टर सुद्धा चिरफाड करत नाहीत, कारण हवा लागली की त्या जंतूंचे बीजाणू होतात आणि ते मातीत वर्षानुवर्षं राहतात. शेळ्या-बैल तिकडं सोडू नका. मटण आहे म्हणून वाटा मागणारे पण येतील, त्यांना सरळ हाकलून द्या. आधी गिधाडं असायची, ती बघता बघता सांगाडा साफ करायची. जनावरांच्या डायक्लोफेनॅक ह्या दुखण्यावरच्या औषधावर २००६ साली बंदी आली पण तोवर ते औषध दिलेली मढी खाऊन गिधाडं जवळजवळ संपली होती, आता मढं पडलं की दिवसेंदिवस कुजतं आणि राज्य कुत्र्यांचं.

प्रश्न : आमच्या विनाकठड्याच्या विहिरीत हरण पडून मेलं. फॉरेस्टवाल्यांनी येऊन काढलं. पाणी वापरावं का? – हिंगोलीहून एक वाचक

उत्तर : प्यायला नाही. सगळं पाणी मोटारीनं उपसून टाका, तळाचा गाळ काढा, नवीन पाणी आलं की ग्रामपंचायतीकडून टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घेऊन टाका, प्रमाण तिथला पाणी शुद्ध करणारा कर्मचारी विहिरीच्या पाण्यावरून सांगेल. तपासणी होईपर्यंत जनावरांना पण दुसरीकडचं पाजा. आणि कठडा बांधा बाबा, पुढच्या वेळी हरणाच्या जागी पोरगं असू शकतं.

प्रश्न : माळावर काळवीटाचं गळून पडलेलं शिंग सापडलं, मारलेलं तर नाही, मग दिवाणखान्यात लावलं तर काय बिघडलं? – लातूरहून

उत्तर : काळवीटाची शिंगं गळतच नाहीत हो. दरवर्षी गळतात ती चितळ-सांबराची. काळवीट शेळी-गाईच्या कुळातलं, त्याचं शिंग जन्मभर डोक्यावरच असतं. म्हणजे तुम्हाला सापडलं ते जनावर कुठंतरी आसपास मेलेलं आहे, नाहीतर कोणीतरी मारलेलं. आणि चितळाचं गळालेलं असतं तरी घरात ठेवता येत नाहीच. जिथं सापडलं ती जागा लक्षात ठेवा, १९२६ ला फोन लावा आणि ते शिंग त्यांच्या हवाली करा, खिळा मारला असेल तर तो तेवढा काढून घ्या.