यान खेळण्यासारखं दिसतंय म्हणतोस ना?

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

दुसऱ्याच्या विज्ञानकथेतलं अवकाशयान घेऊन तू चाहता म्हणून काढलेलं चित्र पाहिलं आणि पत्रही वाचलं. ‘हे माझ्याच्यानं होणार नाही, अर्धवट सोडून द्यावंसं वाटतंय’ असं लिहिलंयस. सोडू नकोस.

‘माझ्याच्यानं होणार नाही’ या वाक्यातून ब्रश कुठं फिरवायचा हे काही कळत नाही, म्हणून ते बाजूला ठेव. पण त्याच्याच खाली तू लिहिलंयस, ‘यान खेळण्यासारखं दिसतंय’. ही शंका कामाची आहे, कारण तिला उत्तर आहे. तुझ्या यानाच्या खिडक्या फार मोठ्या झाल्यात. डोळा खिडकीवरून माणसाचं माप धरतो आणि माणसावरून यानाचं. खिडक्या ठिपक्यांएवढ्या कर, पत्र्यांचे सांधे बारीक कर, यान आपोआप अवाढव्य वाटेल. मागचं टोक दूरच्या डोंगरांसारखं निळसर, धूसर केलंयस, तेही बदल. अवकाशात हवा नाही, त्यामुळे लांबची वस्तू फिकट पडत नाही. सूर्याचा उजेड एका बाजूनं, सावलीची कड धारदार, आणि सावलीत फार तर शेजारच्या ग्रहावरून परतलेला थोडा उजेड. हेच यान ग्रहाच्या वातावरणात उतरताना काढलंस, तर मात्र धूसरपणा हवाच.

मनात शंका आली की आधी चित्र लहान करून बघ, मग आरशात दिसेल तसं डावं-उजवं उलटवून बघ. चूक असेल तर दिसते. नसेल तर काम पुढं चालू ठेव.

‘विज्ञान चुकलं तर लोक हसतील’ ही भीती मला समजते. अवकाशाची चित्रं काढणारे अमेरिकन चित्रकार चेस्ली बोनस्टेल यांनी टायटन या शनीच्या चंद्रावरून दिसणारा शनी रंगवला, ते चित्र १९४४ साली ‘लाइफ’ साप्ताहिकात छापून आलं. आकाश स्वच्छ, निळं. २००५ मध्ये हायगेन्स यान टायटनवर उतरलं तेव्हा तिथं सगळीकडे नारिंगी धुरकट वातावरण होतं. तरीही ते चित्र आज आदरानं पाहिलं जातं, कारण त्या वेळी जेवढं ठाऊक होतं तेवढं त्यांनी मन लावून रंगवलं. दुसरीकडे, चंद्रावरचे डोंगर बोनस्टेल टोकदार काढत, तर फ्रान्सचे ल्युसियाँ रुदो गोलसर. रुदो स्वतः खगोल निरीक्षक होते. चंद्राची कडा त्यांनी दुर्बिणीतून नीट न्याहाळली होती. अपोलोच्या छायाचित्रांत डोंगर गोलसरच निघाले. म्हणून म्हणतो, स्वतःवर शंका घेण्यात जाणारा वेळ निरीक्षणाला दे.

राहिला तुझा सगळ्यात दुखरा प्रश्न: विश्व दुसऱ्याचं, मग यात माझं काय? अरे, तो कोपऱ्यातला तंत्रज्ञ बघ. हातात पान्हा, हातमोज्याचा अंगठा झिजलेला, पाठ आपल्याकडे. सगळे चाहते नायकाला रंगवतात. तुझी नजर या माणसाकडे गेली. ती दुसऱ्या कुणाकडून आलेली नाही. उलट नायकाचा चेहरा तू छायाचित्रावरून जसाच्या तसा उतरवलायस आणि चित्रात तेवढाच भाग निर्जीव वाटतो. त्याच्यावर आता आणखी कष्ट घेऊ नकोस, त्याला सरळ सावलीत ढकल.

या आठवड्यात फक्त खिडक्या आणि ते मागचं टोक, एवढंच कर. चित्र पुरं झालं की मूळ कलाकृतीचं नाव खाली स्पष्ट लिही, आणि शेजारी तुझी सही, वाचता येईल एवढी ठळक.

तुझा,
एक जुना चित्रकार