अहिंसा शिकवणाऱ्या धर्माच्या नावानेही द्वेष पसरवता येतो का?

येतो की. म्यानमारमधली '९६९' मोहीम बघा. बुद्धाचे ९ गुण, धम्माचे ६, संघाचे ९. वंदनेतलेच आकडे, कुणाला खुपण्यासारखं काही नाही. पण विराथू या भिक्खूने आणि त्याच्या साथीदारांनी त्यांचे स्टिकर बौद्धांच्या दुकानांवर चिकटवायला लावले. अर्थ एवढाच: खरेदी इथे करा, मुसलमानांकडे नको. सोबत रोजची भीती, 'आपला धर्म बुडतोय'. हे एकदा पटलं की करुणा दुबळेपणा वाटू लागते. २०१३ मध्ये मेइक्तिला शहरात सोन्याच्या दुकानातल्या भांडणावरून दंगल पेटली, ४०हून जास्त माणसं मेली. वरिष्ठ भिक्खूंच्या मंडळाने विराथूला वर्षभर प्रवचनबंदी केली ती २०१७ मध्ये. फारच उशिरा, माझ्या मते.