मराठी व्याकरणाने हिंदीच्या जवळची की कन्नडच्या?
कुठल्या लेव्हलला बघताय त्यावर आहे. घराणं म्हणाल तर हिंदीच, दोघी इंडो-आर्यन. कर्ता-कर्म-क्रियापद हा क्रम तर तिघींचा सेमच, तिथे काही हाताला लागत नाही. ळ मात्र मराठी-कन्नडात आहे, प्रमाण हिंदीत नाही. उलट 'त्याने आंबा खाल्ला, चिंच खाल्ली' असं क्रियापद कर्माप्रमाणे बदलणं हिंदीशी जुळतं, कन्नडात ते कर्त्याप्रमाणेच चालतं, फक्त हिंदीवाले 'मैंने' म्हणतात आणि आपण नुसतं 'मी'. खरी मजा सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडची, गंपर्झ-विल्सन या भाषाशास्त्रज्ञांचा १९७१ चा शोधनिबंध आहे, तिथल्या मराठी, कन्नड, उर्दूची वाक्यरचना इतकी एक झालेली की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर व्हायचं, शब्द मात्र ज्याचे त्याचे वेगळेच राहिले.