नेट बंद केलंत, मग आदेशाची प्रत दाखवा

इंटरनेट बंदी, पोस्ट काढायला लावणं, ग्रुपवरचे मेसेज आणि पोलीस, अशा विषयांवर वाचकांची बरीच पत्रं आली आहेत. त्यातल्या सहा पत्रांना इथे उत्तरं देते. बाकीच्यांचे प्रश्न यात बहुतेक येऊन जातील.

मॅडम, माझं कोल्हापुरात किराणा दुकान आहे. जून २०२३ मध्ये शहरात तणाव झाला आणि नेट बंद केलं गेलं. गल्ल्यात सुट्टे नाहीत आणि गिऱ्हाईक मोबाईल हातात धरून उभं, अशी गत झाली. कोणालाही विचारलं तर ‘वरून आदेश आहे’ एवढंच उत्तर. हे ‘वर’ म्हणजे नक्की कोण? आणि नुकसान कोण भरून देणार?

‘वर’ म्हणजे राज्याच्या गृह खात्याचे सचिव. केंद्राचा आदेश असेल तर केंद्रीय गृहसचिव. अगदीच अडचण असेल तर सहसचिव दर्जाचा अधिकारी आदेश काढू शकतो, पण तो २४ तासांत सचिवांकडून कायम करून घ्यावा लागतो. तुमच्या वेळी २०१७ चे नियम लागू होते, आता नव्या दूरसंचार कायद्याखालचे २०२४ चे आहेत. दोन्हींत ठाणेदाराला किंवा तहसीलदाराला तोंडी सांगून नेट बंद करायचा अधिकार नाही.

या बाबतीतला मोठा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी दिला. ‘अनुराधा भसीन विरुद्ध भारत सरकार’ हे ते प्रकरण. काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ पासून नेट बंद होतं. न्यायालयाने सांगितलं की इंटरनेटवरून बोलणं आणि इंटरनेटवरून धंदा करणं, दोन्हींना घटनेच्या कलम १९ चं संरक्षण आहे. बंदीचा आदेश प्रसिद्ध करावाच लागेल आणि बेमुदत बंदी चालणार नाही. त्या निकालानंतरही तिथे ४जी परत यायला ५ फेब्रुवारी २०२१ उजाडलं, हेही लक्षात ठेवा. आता एका आदेशाची कमाल मुदत १५ दिवस आहे. शिवाय मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या पुनर्विलोकन समितीने पाच दिवसांत तो आदेश तपासायचा असतो.

भरपाईचं म्हणाल, तर या नियमांत तशी तरतूद नाही. ही मला मोठी त्रुटी वाटते. दुकानदाराचा एक दिवस बुडाला तर तो पुढच्या आठवड्यात कसाबसा भरून काढेल, पण सगळ्यांचं तसं नसतं. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी बंदीच्या दिवशी मी रेशन दुकानात उभी होते. एका म्हातारीने यंत्रावर अंगठा ठेवला, यंत्र काही जोडलं जाईना. तिने अंगठा पदराला पुसला, पुन्हा ठेवला. मग थुंकी लावून ठेवला. तिला वाटत होतं, कष्टाने झिजलेल्या आपल्या अंगठ्याची रेघच उमटत नाहीये. नेट बंद आहे हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. पिशवी घडी करून ती तशीच परत गेली.

तुम्ही एक करू शकता. माहितीच्या अधिकारात गृह विभागाकडे त्या आदेशाची प्रत आणि पुनर्विलोकन समितीचा निष्कर्ष मागा. मोकळेपणाने काही मिळेलच असं नाही, पण मागणी नोंदली जाणं महत्त्वाचं आहे. देशात नेट किती वेळा बंद झालं याची नोंद ना दूरसंचार विभाग ठेवतो ना गृह मंत्रालय, असं संसदेच्या माहिती तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीलाच डिसेंबर २०२१ च्या अहवालात लिहावं लागलं होतं. ज्याची मोजदादच नाही, ते उपयोगी पडतं असं कशाच्या जोरावर म्हणायचं?

मी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपची ॲडमिन आहे. कोणी काही भलतंसलतं टाकलं तर मला पकडतील का? (नागपूर)

केवळ ॲडमिन आहात म्हणून नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या तुमच्याच नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी गोंदियातल्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. सदस्याच्या पोस्टची फौजदारी जबाबदारी ॲडमिनवर येत नाही, जोवर दोघांचा सामाईक इरादा किंवा आधी ठरवलेला बेत दिसत नाही. ॲडमिन माणसं ग्रुपात घेऊ शकतो, काढू शकतो. कोण काय लिहिणार यावर त्याचा ताबा नसतो, हे न्यायालयाने नीट ओळखलं. तरी घाणेरडा किंवा भडकाऊ मजकूर दिसला तर काढून टाका. ते शेजारधर्म म्हणूनही बरं.

मी निवृत्त शिक्षक, धुळे जिल्हा. राईनपाड्याला जे झालं ते आमच्यापासून लांब नाही. मोबाईलवरच्या अफवेने पाच माणसं मारली गेली. तुम्ही शहरात बसून स्वातंत्र्याच्या गोष्टी करता. अशा वेळी नेट बंद ठेवलं असतं तर ते पाच जण वाचले नसते का?

गुरुजी, तुमचा प्रश्न मला सगळ्यात जड गेला, म्हणून सविस्तर लिहिते.

१ जुलै २०१८, रविवार, राईनपाड्याचा आठवडी बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं गावात उतरली. भिक्षुकीवर पोट असलेली, बहुतेक मंगळवेढ्याकडची. मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. कित्येक आठवडे मोबाईलवर पोरं पळवणाऱ्यांच्या क्लिपा फिरत होत्या. त्या वर्षी देशभर फिरलेल्या अशा क्लिपांपैकी एक मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या जनजागृतीची होती. मूल सुखरूप परत सोडतात आणि पाटी दाखवतात, तो शेवटचा भाग कोणीतरी कापला होता.

मोबाईलचा दोष नाही, असं मी म्हणणार नाही. दोष आहे. पण त्याच रात्री मालेगावात काय झालं ते आठवा. तिथेही तीच अफवा आणि तसाच खवळलेला जमाव होता. पाच जणांचं एक कुटुंब सापडलं होतं, त्यात लहान मूलही होतं. पोलीस वेळेवर पोचले, जमावाला भिडले आणि पाचही जण वाचले. नेट दोन्हीकडे सारखंच चालू होतं.

अफवा आठवड्यांपूर्वीच घरोघर पोचलेली असते. त्या दिवशी नेट तोडून ती पुसली जात नाही, तोंडोतोंडी चालूच राहते. मात्र ‘ही माणसं भिक्षेकरी आहेत, यांच्याजवळ ओळखपत्रं आहेत, हात लावू नका’ हा पोलीस पाटलाचा किंवा तुमच्यासारख्या शिक्षकाचा मेसेज नेट तुटल्यावर पोचत नाही. म्हणून बंदीवर माझा भरवसा नाही.

नियमन मात्र हवं, आणि ते करताही येतं. त्या घटनांनंतर जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सॲपला भारतात एका वेळी फक्त पाच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा घालावी लागली. त्याच सुमाराला पुढे पाठवलेल्या मेसेजवर तशी खूणही दिसू लागली. कोणाचं तोंड बंद झालं नाही, फक्त वेग कमी झाला. अशा उपाययोजनांसाठी सरकारने कंपन्यांच्या मागे जरूर लागावं.

खरं काय आणि खोटं काय हे सरकारनेच ठरवावं, असंही काही जण सुचवतात. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये नियम बदलून तसा प्रयत्न केला. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा आहे की नाही, हे केंद्राचाच तपासणी कक्ष सांगणार होता. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचं मत विभागलं. तिसऱ्या न्यायमूर्तींनी सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम घटनाबाह्य ठरवला. माझ्या मते योग्यच केलं. फिर्यादी आणि न्यायाधीश एकच असून कसं चालेल? आणि राईनपाड्याच्या अफवेला तर तो नियम लागूही झाला नसता.

माझं नांदेडहून चालणारं छोटं यूट्यूब चॅनेल आहे. शेतीमालाच्या भावावर बोलतो. माझा एक व्हिडिओ भारतात दिसेनासा झाला. ‘सरकारच्या कायदेशीर विनंतीवरून’ एवढंच कळलं. कोणतं कलम, कोणता गुन्हा, काहीच नाही. आता?

आधी यूट्यूबला लेखी विचारा की हा आदेश माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खालचा आहे की ७९ खालचा. रस्ता त्यावर ठरतो.

कलम ६९अ केंद्राला मजकूर रोखायचा अधिकार देतं, पण कारणं ठरलेली आहेत: देशाची सुरक्षा, सार्वभौमत्व, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे. कांद्याचा भाव पडला म्हणणं त्यात बसवायला बरीच ओढाताण करावी लागेल. सर्वोच्च न्यायालयाने हे कलम २०१५ मध्ये वैध ठरवलं, तेही आदेशात लेखी कारणं असतात आणि त्याला न्यायालयात आव्हान देता येतं या आधारावर. प्रत्यक्षात या कलमाखालच्या २००९ च्या नियमांतला सोळावा नियम सगळं गोपनीय ठेवायला सांगतो. ज्याचा मजकूर गेला त्यालाच आदेश दिसत नाही. मग आव्हान कशाला द्यायचं, हवेला?

तरी वाट आहे. हुंड्याची खिल्ली उडवणारं एक संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झालं होतं. ते चालवणारा पत्रकार दिल्ली उच्च न्यायालयात गेला. मे २०२२ मध्ये न्यायालयाने त्याला आदेशाची प्रत द्यायला आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला सांगितलं. तुमच्या वकिलांना हे प्रकरण दाखवा. तुमची याचिका घटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात होईल.

कलम ७९ चा रस्ता जास्त निसरडा आहे. त्यात सरकारी यंत्रणा कंपनीला नोटीस पाठवते, आणि न ऐकल्यास कंपनीचं कायदेशीर संरक्षण, म्हणजे इतरांच्या मजकुरासाठी तिला जबाबदार न धरण्याची सवलत, जायची भीती असते. म्हणून कंपनी मजकूर काढून मोकळी होते. या नोटिसांसाठी गृह मंत्रालयाने ‘सहयोग’ नावाचं पोर्टल उभारलं आहे. त्याविरुद्धची एक्स कंपनीची याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. मला तो निकाल पटलेला नाही. ६९अ मध्ये जी थोडीफार लेखी शिस्त आहे, तीही या वाटेत टाळता येते.

मजकूर रोखताना सुक्याबरोबर ओलंही जळतं, हा अनुभव जुना आहे. जुलै २००६ मध्ये, मुंबईतल्या लोकल बॉम्बस्फोटांनंतरच्या दिवसांत, सरकारने मोजक्या पानांवर बंदीचा आदेश काढला. इंटरनेट कंपन्यांनी सरसकट ब्लॉगस्पॉटच बंद करून टाकलं. स्वयंपाकाच्या पाककृती लिहिणारेही त्यात अडकले.

मी पुण्यात इंजिनीअरिंग करतो. चीनने स्वतःचं नेट स्वतःच्या ताब्यात ठेवलं आणि स्वतःच्या कंपन्या उभ्या केल्या. आपण का नाही? आणि व्हीपीएन वापरणं गुन्हा आहे का?

दुसरं आधी. व्हीपीएन, म्हणजे आपलं ठिकाण लपवून दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेट वापरायची सोय, वापरणं हा भारतात गुन्हा नाही. मात्र एप्रिल २०२२ च्या केंद्रीय निर्देशांनुसार या कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायची आहे, त्यामुळे काहींनी इथले सर्व्हर हलवले. काही जिल्ह्यांत तात्पुरती बंदी लागते, तेवढं बघून घ्या.

आता चीन. तुझ्या म्हणण्यात तथ्य आहे, त्यांच्या कंपन्या मोठ्या झाल्या. पण एक कागद तुला सांगते. वुहानच्या ली वेनलियांग या नेत्रतज्ज्ञाने ३० डिसेंबर २०१९ रोजी आपल्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर लिहिलं की सार्ससारखे रुग्ण सापडले आहेत, जपून राहा. ३ जानेवारीला पोलिसांनी त्याला बोलावून समजपत्र दिलं. छापील प्रश्न: हे थांबवू शकाल? खाली त्याच्या हाताने ‘हो’. पुढे: समजलं? ‘समजलं.’ बाजूला लाल शाईचे बोटांचे ठसे. ७ फेब्रुवारीला तो स्वतः कोविडने गेला. मार्चमध्ये वुहानच्या पोलिसांनी ते समजपत्र मागे घेतलं. बोलणाऱ्याला दटावणारी व्यवस्था स्वतःचेच कान बंद करून घेते, आणि त्याची किंमत आपण सगळ्यांनी मोजली. माझ्या ओळखीतली चार माणसं त्या साथीत गेली.

देशाची सुरक्षा म्हणून परदेशी ॲपवर बंदी घालावी लागते, हे मला मान्य आहे. २९ जून २०२० ला ५९ चिनी ॲप बंद झाली, त्यामागे गलवान खोऱ्यातल्या भारत-चीन चकमकीची पार्श्वभूमी होती. सार्वभौमत्व हवंच. माझी मागणी एवढीच, की ते वापरताना नागरिकाला कारण कळावं आणि न्यायालयाचं दार उघडं असावं. चीनमध्ये ते दार नाही.

माझी लेक कॉलेजात आहे, फेसबुकवर राजकारणाविषयी बेधडक लिहिते. आम्ही पालघरचे. २०१२ ला इथे जे झालं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. मी तिला पोस्ट काढून टाकायला सांगते. चुकतंय का माझं?

ताई, तुमची भीती मला समजते. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी एका मुलीने साधा प्रश्न विचारला, तिच्या मैत्रिणीने तो फक्त लाईक केला, आणि दोघींना अटक झाली. पोस्ट लिहिणाऱ्या मुलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. नंतर पोलीस अधिकारी निलंबित झाले, खटलाही बंद झाला. पण त्या दोघी ज्यातून गेल्या, ते कोण परत घेणार?

त्या अटकेमुळेच दिल्लीतली एक तरुणी, श्रेया सिंघल, सर्वोच्च न्यायालयात गेली. ऑनलाइन मजकुरासाठी अटक करू देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला पूर्ण रद्द केलं. चर्चा करणं, एखाद्या मताचा पुरस्कार करणं आणि चिथावणी देणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिल्या दोन कितीही झोंबल्या तरी गुन्हा नाहीत, असं त्या निकालाचं सार आहे. रद्द झालेल्या कलमाखाली पुढे कित्येक वर्षं गुन्हे नोंदवले जात राहिले, इतके की ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला.

तेव्हा पोस्ट काढायला सांगू नका. तिच्याबरोबर बसून वाचा. कोणाला मारा-झोडा म्हटलंय का, जातीधर्मावरून कोणाला हिणवलंय का, पडताळून न पाहिलेली गोष्ट खरी म्हणून लिहिलीय का? तसं काही असेल तर तिनेच ते बदलावं, कारण त्याला आजही वेगळी कलमं आहेत. नसेल तर राहू द्या. पोलीस ठाण्यातून फोन आलाच, तर लेखी नोटीस मागा. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सहसा आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची नोटीस द्यावी लागते, थेट अटक नाही. तिला एकटीला पाठवू नका, बरोबर वकील न्या आणि नोटिशीची एक प्रत घरी ठेवा.