सुरमई झुंडीने शिकार करते, मग बाजारात तिचे ढीग का नसतात?

प्रश्न असा आहे: "सुरमई झुंडीने शिकार करते असं वाचलं. मग बांगड्यासारखे तिचे ढीग का दिसत नाहीत? आणि सुरमई सांगून दुसराच मासा गळ्यात मारला तर ओळखायचं कसं?"

माझं आजोळ मालवणकडचं. मामा छोट्या होडीतून गळ टाकायचा. सुरमईसाठी जाताना गळाच्या वर हातभर तार बांधायचा. एवढा खटाटोप कशाला, असं मी लहानपणी विचारलं, तेव्हा त्याने काही उत्तर दिलं नाही. एकदा गळ वर आला तो आमिषाला लावलेल्या तारलीचं नुसतं डोकं घेऊन. मागचा भाग सुरीने कापावा तसा साफ. तो पुढ्यात धरून मामा म्हणाला, "झिला, हेच्या जाग्यार दोरी आसती तर?"

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या डोक्यात आहे. सुरमई आणि बांगडा एकाच कुळातले, कुपाही (म्हणजे ट्यूना) त्याच घराण्यातला. पण बांगडा पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव गाळून खातो, आणि सुरमई तारली, मांदेली, माकूल यांच्यावर जगते. खाणाऱ्यापेक्षा खाल्ले जाणारे कितीतरी जास्त लागतात, नाहीतर खाणारा उपाशी मरेल. त्यामुळे सुरमईची झुंड म्हणजे बांगड्यासारखा अफाट मेळा नव्हे, लहानशी टोळी. तीही मुख्यतः तरुणपणात. वय वाढलं की मोठी धुडं बरेचदा एकटीच फिरतात. बांगडा पर्ससीन जाळ्यात, म्हणजे अख्ख्या मेळ्याला वेढणाऱ्या जाळ्यात, टनावारी सापडतो, सुरमई गिलनेटमध्ये (कल्ल्यांनी अडकवणाऱ्या जाळ्यात) किंवा गळावर थोडी थोडी लागते. मग भाव चढा असणारच.

शिकारीसाठी तिचं अंगही तसंच घडलंय. शेपूट चंद्रकोरीसारखी, शेपटीच्या देठाला दोन्ही बाजूंनी कडा, पाठीवर मागच्या बाजूला छोट्या पिसांसारख्या परांची (फिन्सची) ओळ. बहुतेक माशांच्या पोटात तरंगायला हवेची पिशवी असते, ती हिला नाही. थांबली की बुडणार, म्हणून जन्मभर पोहत राहायचं. खवले इतके बारीक की घासायचे कष्टच नाहीत, आणि मधल्या काट्याशिवाय फारसे काटे नाहीत. मासे खायला नुकतेच शिकलेल्यांना म्हणूनच पहिल्यांदा सुरमई वाढतात. (मला विचाराल तर चवीला बांगडा वरचढ, पण हे घरी बोलायची सोय नाही.)

आता ओळखायचं. इथे एक गोष्ट बहुतेक गिऱ्हाइकांना ठाऊक नसते: आपल्याकडे 'सुरमई' या एकाच नावाखाली प्रामुख्याने दोन वेगळ्या जाती विकल्या जातात. एक पट्टेवाली, शास्त्रीय नाव स्कॉम्बेरोमोरस कॉमर्सन. हिला काही कोळी तोवर म्हणतात. ही तांबड्या समुद्रापासून ऑस्ट्रेलियापर्यंत सापडते, सुएझ कालव्यातून भूमध्य समुद्रातही शिरली आहे, आणि दोन मीटरच्या वर वाढू शकते. दुसरी ठिपकेवाली, स्कॉम्बेरोमोरस गुटाटस. कुशीवर गोल ठिपक्यांच्या ओळी. ही फार तर पाऊण मीटरची होते.

तुम्ही म्हणाल, खाणाऱ्याला काय फरक पडतो? पडतो. दोन्ही एकेक किलोच्या समोर ठेवल्या, तर ठिपकेवाली पुरती वाढलेली असते, बहुधा अंडी घालून झालेली. पट्टेवाली मात्र अजून पोर. तिला पहिल्यांदा अंडी घालायला साधारण 70 ते 75 सेंटीमीटर व्हावं लागतं, म्हणजे अडीच-तीन किलो. तराजूत दोघी सारख्या, पण पट्टेवालीचं पोर उचललं की तिची पुढची वीण गेली. 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने 54 जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली ती याच कारणाने. पण ओट्यावर फूटपट्टी घेऊन कोण उभं राहतं?

पिल्लांवर पट्टे कमी असतात आणि पोटाकडे तुटून ठिपक्यांसारखे दिसतात, म्हणून नुसत्या नक्षीवर जाऊ नका. कुशीवरून कल्ल्यापासून शेपटीपर्यंत गेलेली बारीक रेघ बघा. पट्टेवालीत ती पाठीवरचा दुसरा पर संपतो तिथे एकदम खाली वळते. ठिपकेवालीत हळूहळू उतरते, आणि पुढच्या भागात तिला केसासारखे फाटे फुटलेले असतात. एकदा नजर बसली की दोन सेकंदांचं काम.

फसवणुकीचं म्हणाल, तर ती तुकड्यांत होते, अख्ख्या माशात क्वचित. सुरमई म्हणून बॅराकुडा नाहीतर वाहू हे मासे खपवतात. बॅराकुडाच्या सालीवर खवले ठळक दिसतात, आणि अख्खा असेल तर पाठीवरचे दोन पर एकमेकांपासून लांब असतात, मागे त्या छोट्या परांची ओळ नसते. वाहू हा मात्र सुरमईचाच चुलत भाऊ, त्यालाही पट्टे आहेत. त्याचं तोंड चोचीसारखं लांबुळकं असतं. पण डोकं उडवून तुकड्या केल्यावर ते कुठे दिसणार? म्हणून अख्खा मासा दाखवायला सांगायचा, समोर कापून घ्यायचा. आधीच कापून बर्फावर मांडलेल्या तुकड्या मी घेत नाही. आणि जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत कुणी मोठी सुरमई दाखवून "आजचीच हाय" म्हणालं, तर हसून पुढे जावं.

गेल्या रविवारी पुण्याच्या बाजारात मी अशीच ती रेघ बघत वाकलो होतो. मावशी वैतागून म्हणाल्या, "सायेब, मासा घेताय का पोरगी बघताय?" रेघ हळूच उतरत होती, फाटेही होते. घेतली. आठ तुकड्या तळायला, डोकं-शेपूट कालवणाला.